बाहुलीला बाळाची कांती कशी येते

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा रंग घ्यायला गेले तेव्हा "स्किन कलर द्या" असंच म्हणाले होते. आपण सगळे लहानपणापासून असंच म्हणत आलोय. खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असायचा, वर्गात त्याची सगळ्यात जास्त उसनवारी व्हायची, आणि तो ज्या हातात असायचा त्या हाताचा रंग मात्र तसा कधीच नसायचा. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं आपल्या पेटीतल्या अशाच एका खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे 'स्किन कलर' हा शब्द अजून चालूच आहे.

ती ट्यूब मी घरी आणली, बाहुलीच्या चेहऱ्यावर लावली आणि समोर कपड्यांच्या दुकानातला पुतळा तयार झाला. छटा फारशी चुकली नव्हती. चूक वेगळी होती आणि ती कळायला मला जवळपास वर्ष लागलं. त्वचा अर्धवट पारदर्शक असते. प्रकाश तिच्या आत शिरतो, आत भटकतो, थोडा शोषला जातो आणि उरलेला बाहेर येतो. हा बाहेर आलेला प्रकाश म्हणजे आपण ज्याला रंग म्हणतो तो. घट्ट रंगाचा एकच थर दिला की प्रकाश वरच्या वर परत फिरतो, आणि डोळ्यांना लगेच कळतं की हे प्लास्टिक आहे. बाळाची कांती आणायची तर रंग आतून बाहेर, एकेक पातळ हात देत आणावा लागतो.

ज्या बाहुल्यांबद्दल मी लिहितेय त्या तुळशीबागेतल्या खेळण्यातल्या बाहुल्या नव्हेत. त्यांना 'रिबॉर्न' म्हणतात. हा छंद १९९० च्या दशकात अमेरिकेत रुजला आणि तिथून पसरला. सुरुवातीला लोक बाजारातल्या तयार बाहुलीचा रंग काढून ती नव्यानं रंगवत. आता विनाइलचे, म्हणजे मऊ प्लास्टिकचे, कोरे भागच मिळतात: डोकं, दोन हात, दोन पाय. रंग आपण द्यायचा, जावळ एकेक केस करून सुईनं रोवायचं, कापडी अंगात कापूस आणि काचेचे बारीक मणी भरून वजन अडीच-तीन किलोवर आणायचं. कुणी संग्रहासाठी घेतं. सिनेमावाल्यांना तान्ह्या बाळाच्या जागी ठेवायला लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीच्या हातात दिली तर कधीकधी ती शांत होते. आणि एखाद्या वेळी बाळ गमावलेली आई मागते. त्या कामात घाई करायचा मला अधिकार नाही असं मी मानते.

रंगांचं खरं शिक्षण मला मिळालं ते एका न्हाणीघरात. शनिवार पेठेत ओळखीच्या घरी मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ बारा दिवसांचं. मी विचारलं, अंघोळीच्या वेळी बसू का? बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर पाय लांब करून बसल्या आणि पोरीला पायांवर घेतलं. कपडे काढले तेव्हा कपाळ आणि छाती लालसर होती, तळवे जांभळट, नाकाच्या बाजूला किंचित पिवळी झाक. मावशींनी तेल लावत अंगठ्यानं तळपाय दाबला. दाबलेली जागा पांढरी पडली, एक-दोन श्वासांत परत लाल झाली. ऊन पाण्याचे तांबे पडायला लागले तशी पोर डाळिंबासारखी झाली. पंच्यात गुंडाळायला घेईपर्यंत जरा वारा लागला, तर मांडीवर जाळीसारखी निळसर-गुलाबी नक्षी उमटली आणि धुरी देऊन दुपट्यात गुंडाळल्यावर निघूनही गेली. पाऊण तासात त्या एवढ्याशा अंगावर मी सात-आठ रंग पाहिले. आणि मी ट्यूबमधल्या एका रंगानं बाळ करायला निघाले होते!

"कुणावर गेलीये हो रंगानं?" घरातल्या कुणीतरी विचारलं.

"रंग बघायचा तर कान बघावा," मावशी म्हणाल्या आणि पोरीचा कान बोटानं पुढे केला. "कड बघा की कशी सावळी आहे. आत्ता लाल दिसतीये, पण आईच्या वळणावर जाणार ही."

मावशींच्या या ठोकताळ्यामागे शरीरशास्त्र आहे. त्वचेच्या रंगात मुख्य वाटा दोघांचा. एक मेलॅनिन, म्हणजे त्वचेच्या वरच्या भागात तयार होणारं तपकिरी रंगद्रव्य. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यानं. नवजात बाळात या पेशींचं काम अजून पुरतं सुरू झालेलं नसतं, म्हणून आपल्याकडची बाळं जन्मतः उजळ दिसतात आणि पुढच्या आठवड्या-महिन्यांत हळूहळू आपल्या रंगावर येतात. कानाची कड, नखांची मुळं इथे ते आधी दिसायला लागतं. दुसरा वाटा रक्ताचा. बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त आणि त्वचा पातळ, म्हणून लाली इतकी. हातापायांना थंडी लागली की तिथलं रक्त मंद वाहतं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून तळवे जांभळट. जाळीची नक्षीही थंडीनं आकसलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचीच. नाकाजवळचा पिवळेपणा बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत अंगात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा. नवजात बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते आणि ती चेहऱ्यापासून खाली उतरत जाते.

आता एक गोष्ट सांगते, ती कळली की रंगकामातलं निम्मं कोडं सुटतं. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली निळसर-करडा डाग असतो. मार लागल्यासारखा दिसतो, पण काही वर्षांत आपोआप फिका होतो. त्या डागात निळं काहीच नसतं. तिथेही तेच तपकिरी मेलॅनिन असतं, फक्त ते वरच्या थरात न राहता खोल, आतल्या त्वचेत अडकलेलं असतं. वर असलं तर तपकिरी, खोल असलं तर निळं. द्रव्य तेच, खोली बदलली की रंग बदलतो.

शिरांचंही तसंच. रक्त कधीच निळं नसतं. शिरेतलं रक्त गडद लाल असतं. पण लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो, शिरेपर्यंत पोचतो आणि तिथे त्यातला बराचसा शोषला जातो. निळा प्रकाश तेवढा खोल जातच नाही, वरच्या वर परत येतो. त्यामुळे शिरेवरून येणाऱ्या प्रकाशात आजूबाजूच्या मानानं लाल कमी पडतो आणि आपल्याला तिथे निळसर रेघ दिसते.

विनाइलवर याचा अर्थ असा, की निळं-जांभळं आधी आणि त्वचेचा रंग त्याच्यावर. नवशिके सगळं रंगवून झाल्यावर शेवटी बारीक ब्रशनं निळ्या शिरा काढतात. त्या शिरा दिसत नाहीत, बॉलपेनच्या रेघा दिसतात. मी पापण्या, कानशिलं, ओठांभोवतीची जागा, तळव्यांची खोलगट बाजू इथे अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळ्यात) किंचित अलिझरिन क्रिमसन (गडद किरमिजी) मिसळून अगदी पुसटसा हात सुरुवातीलाच देते. शिरा दुसऱ्या-तिसऱ्या हातानंतर. त्यावर त्वचेचे थर चढत गेले की त्या रेघा आत बुडतात. पूर्ण दिसेनाशा झाल्या असं वाटतं, आणि मग बाहुली उजेडात तिरपी धरली की कानशिलावर एक शीर हळूच दिसते.

पातळ म्हणजे किती पातळ, हे मला सगळे विचारतात. मी घरातलंच माप सांगते: कपाळावरचं कुंकू ओल्या बोटानं पुसल्यावर जेवढी लाली मागे राहते, तेवढाच रंग एका थरात दिसला पाहिजे. थिनरमध्ये रंग कालवला की तो एकदा वापरलेल्या चहापत्तीच्या दुसऱ्या चहासारखा दिसावा. पहिला हात दिल्यावर "काही झालंच नाही" असं वाटलं तर बरोबर झालंय. माझ्या एका बाहुलीला पंधरा-वीस हात सहज लागतात, सावळ्या बाहुलीला त्याहून जास्त.

आधी कोरे भाग भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकटपणा त्यांच्यावर असतो आणि रंग त्याच्यावर धरत नाही. मग ब्रशनं रंग पसरवायचा आणि लगेच मेकअपच्या त्रिकोणी स्पंजनं टिपत जायचं. पुसायचं नाही, टिपायचं. ओढलात तर रेघ पडते. हाताची घडी, मांडीच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या इथे रंग साचतो, तो कोरड्या ब्रशच्या टोकानं उचलून घ्यायचा. तळहाताच्या रेषांत मात्र मी थोडा साचू देते, तिथे खऱ्या हातावरही गडदपणा असतो. गणपतीच्या दिवसांआधी कारखान्यात मूर्तींना रंग देणाऱ्या एका कारागिराला मी माझं काम दाखवलं होतं. त्यांनी बाहुलीचा पाय हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, रंग चढवू नका, बसवा." एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

रंग दोन तऱ्हेचे. एक ॲक्रिलिक, हवेत वाळणारे. दुसरे उष्णतेनं पक्के होणारे तेलरंग, ज्यात जेनेसिस हे नाव या कामात सगळ्यांना माहीत आहे. मी दुसरे वापरते. ते उघड्यावर वाळतच नाहीत. पुण्याच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच कातडी धरतो, हे रंग दुपारभर तसेच राहतात. चूक झाली तर थिनरनं पुसून टाकता येते आणि खालचा पक्का झालेला थर जागचा हलत नाही. प्रत्येक हात दिल्यावर १३० अंश सेल्सिअसच्या आसपास आठ-दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग पुढचा हात. गरम विनाइल मऊ असतं, बोट लागलं तरी खड्डा पडतो, म्हणून मी जुन्या टॉवेलची चुंबळ करून त्यावर भाग ठेवते आणि निवेपर्यंत तिकडे फिरकत नाही.

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मी एकदा विश्वास ठेवला आणि सहा दिवसांचं काम गमावलं. बटण १३० दाखवत होतं, आत त्याहून बरंच जास्त तापलं होतं. डावा हात बाहेर काढला तो तेल चोपडल्यासारखा चकचकीत. विनाइल जास्त तापलं की त्याचा पोत वितळून चमकतो, आणि ती चमक परत जात नाही. त्या दिवसापासून ओव्हनच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवते. ओव्हनही या कामासाठी वेगळाच हवा, त्यात पुन्हा खायचं काही करायचं नाही. खिडक्या उघड्या, नाकातोंडावर वाफेसाठीचा मास्क, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळायला लागलं तर निघणारा धूर घातक असतो. याबाबत मी कुणालाही सवलत देत नाही.

खालचे दोन-तीन हात बसले की जाळीची नक्षी. यासाठी खडबडीत नैसर्गिक स्पंजचा तुकडा घ्यायचा, रंगात बुडवून जवळजवळ सगळा कागदावर टिपून टाकायचा आणि उरलेला अंगावर नुसता टेकवत जायचा. दर खेपेला स्पंज थोडा फिरवायचा, नाहीतर एकच नक्षी छापाच्या साडीसारखी पुन्हा पुन्हा दिसते. लाल, मग निळसर, मग पिवळसर, आणि प्रत्येकानंतर मधे त्वचेच्या रंगाचा एक पातळ हात. पिवळ्याला जपून. नाकाच्या बाजूला झाक दिली तर बाळ जिवंत दिसतं, गालांवर पसरली तर आजारी दिसतं. लाली कुठे द्यायची हे मावशींच्या पायांवरच्या त्या पोरीनंच शिकवलं: टाचा, गुडघे, कोपरं, बोटांची टोकं, हनुवटी, कानाच्या पाळ्या. गालांवर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी.

आता मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा भाग. शिकण्यासाठी जे व्हिडिओ आणि कृती मिळतात त्यातल्या बहुतेक गोऱ्या, गुलाबी बाळांच्या असतात. हे फक्त बाहुल्यांपुरतं नाही. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञानं १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले तेव्हा ते गोऱ्या त्वचेचेच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. त्यामुळे आपल्याकडची मंडळी काय करतात, तर गुलाबी बाळाची कृती घेतात आणि शेवटी वरून तपकिरी रंग फिरवतात. ते बाळ सावळं दिसत नाही, मळकट दिसतं. हे पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण चूक रंगवण्याची असते आणि दिसताना मात्र दोष सावळ्या रंगाचा वाटतो.

गोऱ्यापासून काळ्यापर्यंत माणसाची कोणतीही त्वचा घ्या, ती नारिंगी रंगाच्या घरातलीच असते. कुणाची फिकट नारिंगी, कुणाची गडद. म्हणून गव्हाळ बाळासाठी माझा पाया यलो ओकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यात लालाचा कण. सावळ्यासाठी बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), खोलगट जागी त्यातच अल्ट्रामरीन. पांढरा रंग मी या दोन्हींत घालतच नाही. तपकिरीत पांढरा पडला की तो राखाडी होतो, अंगाला थंडीत पांढरी खरड पडते तसा. उजळपणा हवा असेल तर पिवळा किंवा नारिंगी वाढवायचा, किंवा त्या जागी एक हात कमी द्यायचा, म्हणजे खालचं विनाइल उजेड देतं. गालाची लाली सावळ्या बाळावर गुलाबी दिली तर पावडर लावल्यासारखी दिसते. विटेसारखा किंवा कोकमाच्या सालीसारखा लाल घ्यावा. आणि शक्य असेल तर कोरे भागच गव्हाळ विनाइलचे मागवावेत, निम्मे हात वाचतात.

शिवाय सावळं अंग सगळीकडे सारखं सावळं नसतं. तळहात आणि तळपाय उजळ, त्यांच्या कडेला जिथे दोन रंग भेटतात तिथे ठळक सीमा नाही, हळूच उतरत गेलेली छटा. बोटांची पेरं, कोपर, गळ्याची वळी, नखांची मुळं गडद. आणि कानाची कड! कान मी आता सगळ्यात शेवटी, बाहुलीचं सगळं अंग पाहून झाल्यावर रंगवते. पंधरवड्याचं बाळ करायचं असेल तर अंग लालसर ठेवते आणि कडेला बर्न्ट अंबरचे दोन हात जास्त देते. मोठ्या बायका बाहुली हातात घेतल्यावर आधी तिथेच बघतात.

रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पिवळ्या एलईडीखाली तर मुळीच नाही, तिथे प्रत्येक बाळ गव्हाळ दिसतं. सकाळी नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या गॅलरीत, ऊन अंगावर न येणाऱ्या उजेडात बघावं. संध्याकाळी मी फक्त टिपायचं काम करते, छटा कालवत नाही.

शेवटचा मॅट हात चमक मारतो आणि रंग राखतो. ओठांवर आणि पापण्यांच्या कडेला मात्र थोडी ओलसर चमक हवी, तिथे वेगळं व्हार्निश. फवाऱ्याचं मॅट व्हार्निश जुलै-ऑगस्टमध्ये वापरत असाल तर पाऊस उघडलेला दिवस बघा. दमट हवेत त्यावर धुकट पांढरी साय धरते आणि सावळ्या बाहुलीवर ती लगेच दिसते.

बाहुली घरी नेल्यावर लोक प्रेमानं तिला काळ्याभोर नव्या कापडाचं झबलं घालतात, तीट लावतात. विनाइल रंग पितं. कच्च्या रंगाचं कापड, वर्तमानपत्राची शाई, काजळ, कुंकू, सगळं त्यात मुरतं आणि निघत नाही. म्हणून कपडे धुवून, फिकटच घालायला सांगते. तीट हवीच असेल तर मला आधी सांगा. काळ्यात बर्न्ट अंबरचा थेंब मिसळून, ब्रशनं नाही, करंगळीच्या टोकानं मी ती गालावर लावते, जरा वाकडी, आईच्या हातून लागते तशी. मग शेवटची आठ मिनिटं ओव्हनमध्ये.